हिरव्या ठिपक्याची छत्री

“आणि हे कशाला?” हमालबाबांनी विचारलं.

त्यांच्या तळहातावर एक लहानसं कुलूप होतं. कुलपाला हातभर लांबीची बारीक साखळी.

“बॅगेला,” कर्णिक म्हणाले. “झोपताना खांबाला बांधतो.”

“खांब पळून जातो?”

कर्णिक हसले नाहीत. साखळीसकट कुलूप दोनशे ऐंशी ग्रॅम, तेवढं त्यांनी सांगितलं.

सकाळची वेळ होती. बडवानीच्या अलीकडे, नर्मदेच्या दक्षिण काठावर हमालबाबांचा आश्रम. आश्रम म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि अंगणात शेणानं सारवलेला लांब ओटा. मैयाची परिक्रमा करणारे इथं जेवतात, मुक्काम करतात आणि जड झालेलं सामान ओट्यावर ठेवून पुढं जातात. मागून येणाऱ्याला त्यातलं हवं ते उचलता येतं. कुणी विचारत नाही.

कर्णिकांना ही पद्धत पहिल्यापासूनच पटलेली नव्हती. न विचारता उचललेल्या मालाचा हिशेब कुठं असतो, हा त्यांचा प्रश्न होता.

कर्णिक ठाण्याचे. एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी माल तपासला. तपासून पास झालेल्या प्रत्येक सुट्या भागावर हिरवा ठिपका द्यायचा, बाकीचा बाजूला काढायचा. नोकरी संपली, पण जित्याची खोड म्हणतात ती गेली नाही. चष्म्याच्या घरापासून चपलेपर्यंत त्यांच्या प्रत्येक वस्तूवर हिरव्या रंगाचा एक ठिपका असे. ठिपके द्यायचं पेन खिशात असे.

गेल्या वर्षी त्यांची परिक्रमा अर्ध्यात सुटली होती. उजवा गुडघा गेला. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पाठीवर सहा किलोच्या वर एक ग्रॅम नको. पुढच्या वर्षी ऑपरेशन, आणि त्यानंतर एवढं चालणं विसरायचं. म्हणजे ही खेप शेवटची. तीन दिवसांत डोंगराची वाट सुरू होणार होती, आणि बॅग भरत होती सात किलो चारशे.

त्यांनी कसर सोडली नव्हती. दात घासायचा ब्रश अर्धा कापलेला, कंगवा अर्धा मोडलेला, टॉवेल चतकोर. कपड्यांच्या आतल्या पट्ट्या, ज्यांवर मापं छापलेली असतात, त्यासुद्धा कात्रीनं काढलेल्या.

परिक्रमेत मैयाचं थोडं पाणी बाटलीत घेऊन चालायचं असतं. त्याची रोज पूजा होते. कर्णिकांनी ते होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरलं होतं.

हमालबाबांनी ती बाटली दोन बोटांत धरून उन्हाकडं केली.

“मैयालाही हलकं केलंत का?”

“प्रमाण कुठं दिलेलं नाही. मी विचारून घेतलं होतं.”

बाबा पोट धरून हसले. हसताना त्यांची पाठ हलायची. धुळ्याच्या मार्केट यार्डात बत्तीस वर्षं पोती वाहिलेली ती पाठ. मानेखाली एवढा मोठा घट्टा होता. बाबांना मंत्र चारच येत, पण कुठलीही वस्तू नुसती उचलून ते वजन सांगत. काय टाकायचं तेही सांगतात, अशी काठावर ख्याती होती.

“मग सांगा,” कर्णिक म्हणाले. “एक किलो चारशे काढायचेत. काय काढू?”

 बाबा एकेक वस्तू उचलून विचारत राहिले.

पाणी गाळायचं यंत्र कशाला? काठावरच्या विहिरींचा भरवसा नाही. सुक्या खाण्याची सहा पाकिटं कशाला? आश्रमात काय घालतील ते सांगता येत नाही. दुसरा मोबाइल? पहिला चोरीला गेला तर. आणि बॅगेच्या चेनला हे घुंगरू?

“कुणी चेन उघडली तर वाजतं.”

“वाजलं का कधी?”

“रोज वाजतं,” कर्णिक म्हणाले. मग म्हणाले, “मीच उघडतो म्हणून.”

बाबांनी घुंगरू हळूच सोडलं आणि चुलीवर भाकरी आहे म्हणून आत गेले. कर्णिकही पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या मागोमाग गेले. निमित्तानंच म्हणायचं, कारण पाण्याची बाटली त्यांच्या हातात भरलेली होती. वजन कमी करायचा सल्ला हवा होता हे खरं, पण ते या आश्रमात आले होते ते तेवढ्यासाठी नाही. दुसरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर खुंटी होती. खुंटीला घडीची काळी छत्री लटकत होती.

छत्रीच्या मुठीवर हिरवा ठिपका होता.

 कर्णिकांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वर्षभर मनात जे घोळत होतं ते खरं निघालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा आनंद झाला होता. चोर दोघं होते. एक उचलणारा आणि एक ठेवून घेणारा.

*

गेल्या वर्षी त्यांच्यासोबत तुळशीराम वाणी होते. ओंकारेश्वरहून दोघं एकाच सकाळी निघाले म्हणून सोबत झाली. वाणी शिरपूरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय सदुसष्ट. अंगावर एक धोतर, झोळीत दुसरं. एक घोंगडी, एक तवा, थोडं पीठ. एवढाच त्यांचा संसार.

तिसऱ्या दिवशी कर्णिकांचा गुडघा दुखू लागला. वाणी म्हणाले, द्या थोडं माझ्याकडं. कर्णिक नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी वाणींनी पुन्हा विचारलं. तेव्हा कर्णिकांना शंका आली, की याला माझ्या सामानात एवढा रस का?

त्या दिवसापासून वस्तू जाऊ लागल्या.

कर्णिक रोज पहाटे हातातल्या काट्याला बॅग टांगून वजन करत आणि वहीत लिहीत. निघताना अकरा किलो दोनशे होतं. चौथ्या दिवशी थर्मास गेला. मग छत्री. मग जादाचे बूट, मोबाइल चार्ज करायची बॅटरी आणि शेवटी खजुराचं न फोडलेलं पाकीट. नवव्या दिवशी काटा आठ किलो तीनशेवर आला.

ते काही बोलले नाहीत. पाळत ठेवली, पण वाणी कधी हाताला लागले नाहीत. गुडघा मात्र बरा वाटत होता, पावलं भराभर पडत होती. मैयाची कृपा, असं त्यांनी वहीत लिहिलंसुद्धा.

नवव्या दिवशी दुपारी ते दोघं याच अंगणात जेवायला बसले. पंगतीत अकरा माणसं होती. कर्णिकांनी वही काढून पाचही वस्तूंची नावं मोठ्यानं वाचली आणि वाणींना झोळी उघडायला सांगितलं.

वाणींनी हातातला घास खाल्ला. हात धुतले. झोळी उचलली आणि ते स्वयंपाकघराकडं गेले. त्यांच्या मागोमाग हमालबाबाही आत गेले. थोड्या वेळानं वाणी बाहेर आले, सगळ्यांना “नर्मदे हर” म्हणाले आणि एकटेच वाटेला लागले.

चोराच्या उलट्या बोंबा असतात म्हणतात. या चोरानं एक शब्द काढला नाही, याचाच कर्णिकांना जास्त राग आला.

त्यांनी बडवानीच्या बाजारात पाचही वस्तू नव्या घेतल्या. कुलूप आणि साखळीही तिथलीच. तिथून चौथ्या दिवशी डोंगरात गुडघा असा सुजला, की गावकऱ्यांनी त्यांना जीपमध्ये उचलून घातलं.

*

“बाबा,” कर्णिक अंगणात येऊन म्हणाले, “आतली ती छत्री कुणाची?”

बाबा चुलीची राख लागलेला हात झटकत बाहेर आले होते.

“एक चोर ठेवून गेला,” ते म्हणाले.

खोटं ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला हे उत्तर फार अडचणीचं होतं. 

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही ती ठेवून घेतलीत?”

“पावसाळ्यात दोनदा वापरलीसुद्धा. ते आधी सांगून टाकतो.”

बाबा आत गेले. येताना त्यांच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. दोन्ही त्यांनी ओट्यावर ठेवलं.

कर्णिकांनी गाठ सोडली. थर्मास. बूट. बॅटरी. खजुराचं पाकीट, अजून न फोडलेलं. प्रत्येकावर हिरवा ठिपका. त्यांनी वही काढून एकेका नावापुढं खूण केली. छत्री धरून पाच.

पाचच्या पाच होत्या.

मग फडक्याच्या घडीत आणखी एक पुडी दिसली. वर्तमानपत्राच्या कागदाची, दोऱ्यानं बांधलेली. तिच्यावर ठिपका नव्हता. कर्णिकांनी वही उलटसुलट चाळली.

“हे माझं नाही,” ते म्हणाले. “यादीत नाही.”

“उघडा तर.”

पुडीत वाळून चुरा झालेला पाला होता. वर्षभरानंतरही त्याला उग्र वास येत होता. कर्णिकांच्या आईच्या हातालाही कधी काळी असा वास येई. आजीचे पाय शेकताना.

“निर्गुडी,” बाबा म्हणाले. “गरम करून गुडघ्याला बांधतात.”

…

कर्णिकांनी पुडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा तपासणाऱ्याचाच होता. काहीतरी जुळत नव्हतं, आणि न जुळणारी गोष्ट त्यांना सहन होत नसे.

“चोरलं तर वापरलं का नाही? टाकलं का नाही? खजूर तरी खायचे होते.”

बाबांनी कर्णिकांची बॅग एका हातानं उचलली, खाली ठेवली.

“आता मोकळी आहे, दीड किलो. तुम्ही त्या दिवशी आलात तेव्हा मी तुमची अंगणातून पडवीत ठेवली होती. सव्वाआठ भरली. बरोबर?”

“आठ तीनशे.”

“वाणींची झोळीही ठेवली. एक घोंगडी, एक तवा, एक धोतर, पीठ. नजरेला सहा दिसत होती. उचलली तर नऊ.”

कर्णिकांनी वही उघडली. अकरा दोनशेमधून आठ तीनशे गेले. ही वजाबाकी त्यांनी वर्षभरात कितीदा केली असेल. दोन किलो नऊशे. तोच आकडा, त्याच शाईतला. फक्त तो कुणाच्या पाठीवर होता हे वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी काट्याला बॅग टांगावी तशी ती वही हातात धरून ठेवली. मग मिटली.

“मला का नाही सांगितलं?”

“मागितलं होतं ना त्यानं. दोनदा.”

“पण त्या दिवशी. पंगतीत. तेव्हा तरी तोंड उघडायचं.”

“मी तेच म्हणालो. आत चुलीपाशी तो झोळी रिकामी करत होता. म्हणालो, बाहेर जाऊन दाखव त्यांना. तर म्हणाला, नको बाबा. दाखवलं तर ते पुन्हा पाठीवर घेतील, आणि पुढं डोंगर आहे. परत कधी आले तर द्या.” बाबांनी पुडीकडं बोट केलं. “पाला त्यानं मागच्या दारानं जाऊन ओढ्यावरून आणला. तेवढ्यासाठी त्याला बाहेर यायला उशीर झाला.”

अंगणात कुणी नव्हतं. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी बाबा उठले नाहीत.

“मी त्यांना अकरा माणसांत चोर म्हटलं,” कर्णिक म्हणाले.

“हो. मीच वाढत होतो.”

…

कर्णिकांना रडू आलं. माल तपासणाऱ्या माणसाला शोभणार नाही असं, नाक वाहून येईपर्यंत. बाबांनी समजूत घातली नाही. ते आत जाऊन करपलेली भाकरी गाईला घालून आले.

कर्णिकांनी मग विचारलं, की वाणी आता कुठं असतील. चालत असतील नाहीतर घरी असतील, बाबा म्हणाले. इथून पुढं गेलेला या वाटेनं परत येत नाही. परिक्रमेत मागं फिरायचं नसतं.

“मी शिरपूरला जातो. आजच. त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो.”

“आणि परिक्रमा?”

“राहू दे.”

बाबांनी पुडी उचलून त्यांच्या हातात दिली.

“हा पाला त्यानं तुम्ही शिरपूरला यावं म्हणून ठेवला होता का?”

 कर्णिक ओट्याच्या कडेला बसून राहिले. उन्हाचा पट्टा पायांवरून वहीवर आला, तेव्हा ते उठले.

त्यांनी आधी गाठोड्यातल्या चार वस्तू ओट्यावर ओळीनं मांडल्या. छत्री बाबांच्या हातात दिली, पुढचा पावसाळा येतोच आहे म्हणाले. मग आपल्या पसाऱ्यातून सुक्या खाण्याची पाकिटं, पाणी गाळायचं यंत्र आणि दुसरा मोबाइल काढून ओट्यावर ठेवला. हे सगळं ते कुणी न सांगता करत होते. बाबा नुसते भाकरी खात बघत होते.

कुलूप साखळीत गुंडाळलं. तेही ठेवलं.

शेवटी काटा. वीस वर्षं वापरलेला, मुठीला हिरवा ठिपका असलेला. बॅग एकदा तोलून बघावी असं त्यांना फार वाटलं. ते बाबांना दिसलंही. पण त्यांनी काटा तसाच कुलपाशेजारी ठेवून दिला.

खिशातून पेन काढलं. पुडी डाव्या हातात धरून टोपण उघडलं. कागदावर टेकवणार, इतक्यात थांबले. टोपण लावलं आणि पेनही ओट्यावर गेलं.

पुडी त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. उरलेलं सामान बॅगेत भरलं.

घुंगरू कधी ओट्यावर आलं, ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. पडलं तेव्हा बारीकसं वाजलं एवढंच.

“आता बघा,” ते म्हणाले. “सहा झालं असेल ना?”

“वाका,” बाबा म्हणाले.

“मी घेतो माझी.”

“हमाल स्वतःचं पोतं स्वतः चढवत नाही. वाका.”

कर्णिक गुडघ्यावर हात ठेवून वाकले. बाबा मागं गेले. सत्तरीतले हात, पण बॅग पाठीवर आली ती अजिबात धक्का न लागता, बरोबर खांद्यांच्या मधोमध.

कर्णिक उभे राहिले. गुडघा बोलला नाही. बॅग इतकी हलकी लागत होती, की त्यांच्या मनात चटकन जुनीच शंका आली. उजवा हात आपोआप चेनकडं गेला. तिथं घुंगरू नव्हतं, आणि बाबांचे हात अजून पाठीमागंच होते. बाबा मागं काय करताहेत, हे बघायला कर्णिकांनी मान वळवली.

पाय लटपटले. ओट्याला धरलं म्हणून सावरले.

“पुढं बघा, भाऊ,” हमालबाबा मागून म्हणाले. “कोण चढवतंय ते बघायला मान वळवली, की हमाल पडतो.”